भुताला सूट, पाऱ्याला नाय

भुतांवर विश्वास ठेवणारी माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली, न ठेवणारीही पाहिली. पण भूत कागदावर उतरवण्याआधी त्याच्या येण्याजाण्याची वेळ, त्या वेळचं तापमान आणि हवेचा दाब तपासून घेणारी बाई अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे, आणि ती माझ्या लेकीची सासू आहे. विहीण म्हटली की आपल्याकडं लोकांच्या डोळ्यांपुढं मानपानावरून फुगलेला एक चेहरा येतो. आमच्या विहीणबाईही फुगतात, नाही असं नाही. पण त्यांचं फुगणं साडीच्या काठापदरावरून नसतं. त्यांच्या कादंबरीतला एक प्रसंग वाचून मी एकदा सहज म्हणाले, "चांदण्याचं वर्णन छान जमलंय." त्यावर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. कारण त्या प्रसंगाची तिथी अमावास्या होती, आणि मी ज्याला चांदणं समजले तो उजेड कादंबरीतल्या गोऱ्या साहेबानं पेटवलेल्या मॅग्नेशियमच्या तारेचा होता.

आमची पहिली भेट लेकीला पाहायला आल्या तेव्हाची. आमचे हे हॉल, दागिने, पंगती या सगळ्याची मनातल्या मनात उजळणी करून बसलेले. व्याही स्वभावानं गरीब; पोह्यांच्या बशीकडं बघत गप्प होते. विहीणबाईंची नजर मात्र मुलीवर नव्हती, आमच्या भिंतीवरच्या जुन्या लंबकाच्या घड्याळावर होती. "मागं पडतंय का हे?" त्यांनी विचारलं. पडतं, दिवसाला पाचेक मिनिटं, असं ह्यांनी कबूल केलं. "पडणारच. लंबक खाली सरकलाय," म्हणत त्या उठल्या, खुर्ची ओढली, पदर खोचला आणि खुर्चीवर चढून लंबकाखालची चाकी दोन फेरे फिरवून खाली उतरल्या. मग हात झटकत म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय. आमची मागणी एकच. मुलीच्या आई मराठीच्या बाई होत्या असं ऐकलं. माझी एक कादंबरी लिहायची चाललीय, तेवढी त्यांनी वाचून द्यायची. आन् खरं सांगायचं." ह्यांना इतकं हायसं वाटलं की मला विचारायच्या आधीच त्यांनी होकार देऊन टाकला.

विहीणबाई शहरातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. आजोबा मेंढरं घेऊन डोंगर तुडवायचे. वडिलांनी फर्दापूरकडं थोडी शेती केली आणि लेकीला बारावीपर्यंत शिकवलं. त्यानंतरची सगळी नोकरी काचेची कपाटं उघडण्यात, भिंगं पुसण्यात आणि पोरांनी सांडलेला पारा कागदाच्या कोपऱ्यानं गोळा करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर इतर बायका भजनी मंडळात जातात, यांनी हर्सूलच्या घरात खिडकीशी टेबल मांडून कादंबरी लिहायला घेतली. काळ असा, की शहरावर निजामाचा अंमल, छावणीत गोऱ्यांची पलटण आणि विलायतेत राणीचं राज्य. आभाळाखालची प्रत्येक वस्तू मोजता येते, तोलता येते आणि बरणीत भरून ठेवता येते, असं साहेबलोकांना तेव्हा मनापासून वाटायचं. अशातलाच एक फेल्टनसाहेब औरंगाबादेत येतो. खुलताबादच्या घाटात चकवा आहे, वाटसरूला भुलवून एकाच जागी तासन्‌तास फिरवणारं ते बिनतोंडाचं भूत आहे, असं लोक त्याला सांगतात. चकवाबिकवा काही नसतं हे सिद्ध करायला तो पाऱ्याचा वायुदाबमापक, चुंबकसुई आणि विजेच्या बरण्या घेऊन घाट चढायला निघतो. हे सगळं सामान डोक्यावर वाहायला त्यानं ठकू नावाची एक मेंढपाळ बाई लावलेली असते.

आता असं काही लिहायचं तर माणूस चार पुस्तकं चाळेल आणि बाकीचं कल्पनेनं भरेल. विहीणबाईंना कल्पनेचा भरवसा नाही. विजेची बरणी डोक्यावर घेऊन चालताना तिच्यातली वीज कितपत टिकते, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांनी घरातली काचेची बरणी घेतली, आतून-बाहेरून पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद चिकटवला, झाकणातून खिळा खाली सोडला आणि वडलांच्या घोंगडीवर प्लास्टिकचा पाईप घासून घासून तिच्यात वीज भरली. एवढं करून त्या पाटी पेन्सिल आणायला आत गेल्या. नेमके त्याच वेळी व्याही शेतावरून भुकेले आले. बरणी ओळखीची, लोणच्याची. त्यांनी एका हातानं धरली आणि दुसऱ्या हातानं झाकणाकडं बोट नेलं. "अगं आईईई!" हे ऐकून विहीणबाई धावत बाहेर आल्या, आणि त्यांचा पहिला प्रश्न "लागलं का?" हा नव्हता, तर "ठिणगी दिसली का? केवढी होती?" हा होता. व्याह्यांनी बोटांनी लांबी दाखवली. ती पाटीवर लिहिली गेली. तेव्हापासून व्याही लोणचं स्वतः वाढून घेत नाहीत, सुनेला मागतात.

सुनेला, म्हणजे माझ्या लेकीला, या घरात कसं होईल ही माझी काळजी पहिल्या महिन्यातच मिटली. फेल्टनसाहेबाच्या कचेरीत तारयंत्र होतं म्हणून विहीणबाई तारेची कट्ट-कडकट्ट भाषा शिकल्या, आणि सराव कुणाशी करायचा म्हणून सुनेलाही शिकवली. मी एकदा त्यांच्याकडं बसले होते. माझी लेक आत काम करत होती. विहीणबाईंनी बोलता बोलता चमच्यानं भिंतीवर टकटक केलं. आतून लाटण्यानं टकटक उत्तर आलं. "काय झालं?" मी विचारलं. "चहा मागितला," विहीणबाई म्हणाल्या, "ती म्हणती दूध नाय."

पण खरी त्यांची ओळख मला पटली ती खुलताबादच्या वाटेवर. कादंबरीत असं लिहिलं होतं, की घाट चढताना चकवा जवळ येतो तसतसा साहेबाच्या नळीतला पारा उतरत जातो, आणि त्यावरून साहेबाला भुताची चाहूल लागते. मला ते प्रकरण फार आवडलं होतं. विहीणबाईंना मात्र पारा नक्की किती उतरवावा याची चिंता. कॉलेजनं मोडीत काढलेला एक पितळी वायुदाबमापक त्यांनी भंगारातून सोडवून आणला होता. त्यात पारा नव्हता, काटा होता. पण तबकडीवर पाऱ्याचेच इंच लिहिलेले होते. तो मांडीवर घेऊन त्या आणि हातात पाटी घेऊन मी, अशा आम्ही दोघी विहिणी एसटीत बसलो. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थबकला.

"ये क्या है मौसी?"

"हवा मोजायचं यंत्र हाय."

"हवा का भी टिकट लगता क्या फिर?"

सगळी बस हसली. विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला तबकडी दाखवली, काटा अठ्ठावीसवर आहे हे दाखवलं, आणि उंच जावं तशी डोक्यावरची हवा कमी कमी होत जाते हे इतकं नीट समजावून सांगितलं, की दौलताबाद सोडून गाडी घाटाला लागली तेव्हा तो दर वळणाला मागं येऊन विचारू लागला, "कितना हुआ मौसी?" खुलताबादला उतरेपर्यंत काटा सत्तावीसला टेकला होता. "पूरा एक इंच!" कंडक्टरनं स्वतःच डोंगर उचलून आणल्याच्या थाटात बसभर जाहीर केलं.

मी आनंदानं इंच पाटीवर लिहिला. विहीणबाईंचा चेहरा मात्र उतरला होता. तटबंदीच्या दरवाज्याजवळ एका टपरीत आम्ही चहा घ्यायला बसलो, तो त्यांनी तोंडाला लावला नाही.

"संपलं सगळं," त्या म्हणाल्या. "मी चकव्यापायी अर्धा इंच पारा उतरवला होता. हितं भूत नसताना घाटच एक इंच खातोय. माझ्या चकव्याचं सगळं श्रेय घाटानं घेतलं की!"

"अहो, वाचणाऱ्याला कुठं कळणार आहे?" मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी त्यांच्या चहात मीठ घातलं होतं. "विहीणबाई, भुताला सूट हाय. त्यानं भिंतीतून जावं, झाडाला उलटं लटकावं, माझं काय म्हणणं नाय. पण पाऱ्याला सूट नाय. पाऱ्यानं पाऱ्यासारखंच वागायला पायजे. न्हायतर मग भूत आलं हे कळायचं कशावरून?"

परतीच्या गाडीत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. अर्धा घाट उतरलो असू, आणि त्यांनी माझं मनगट इतक्या जोरात धरलं की बांगडी रुतली.

"चकवा लागला म्हंजे काय होतं हो? माणसाला वाटतंय आपण चढतोय. पाय दुखतेत, घाम येतोय, दम लागतोय. पण असतंय तिथंच! व्हय ना?"

"हो."

"मग पारा उतरंल कशाला? उतरायचाच नाय! साहेब दोन घंटे घाट चढणार, आन् पारा जिथल्या तिथं!"

भर दुपारी, गर्दीच्या एसटीत, माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आयुष्यभर मी मुलांना भयरस शिकवला होता. पण न हललेल्या पाऱ्याची भीती काय असते हे मला बारावी झालेल्या या बाईनं शिकवलं.

म्हणूनच पुढं जे घडलं ते मला जड गेलं. कादंबरी पुरी झाली. चौदा प्रकरणं. ते जाडजूड बाड घेऊन त्या आमच्याकडं आल्या, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "आता खरं सांगा." मी आधी पुष्कळ गोड बोलून पाहिलं. लेक त्यांच्या घरात, मला तोलूनमापून बोलणं भाग होतं. भाषा ठसकेबाज आहे, घाट डोळ्यांपुढं उभा राहतो, साहेब छान उतरलाय. त्या प्रत्येक वाक्यावर "हां, पुढं?" एवढंच म्हणत होत्या. शेवटी माझ्यातली मराठीची बाई माझ्यातल्या मुलीच्या आईला आवरेना.

"तुमची ठकू," मी म्हणाले.

"काय झालं ठकूला?"

"पहिल्या प्रकरणात ती यंत्र डोक्यावर घेते आणि चौदाव्यात खाली ठेवते. मधे तिला कुणी काही विचारत नाही. घाट तिचा, वाट तिच्या पायाखालची, चकवा तिच्या आजीनं पाहिलेला. आणि पारा का हलत नाही याचा विचार करत बसतो साहेब. ती नुसती उभी. बरं, साहेब विचारत नाही ते एक वेळ समजू. तुम्हीही विचारत नाही."

विहीणबाईंनी बाडाची नाडी घट्ट बांधली. मग म्हणाल्या, "सामान उचलणारीला काय विचारायचं असतंय?" आणि बाड उचलून, चहा तसाच ठेवून निघून गेल्या.

नंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. लेकीचा फोन आला. "आई, तू काय बोललीस त्यांना? टेबलाशी बसतात आणि काहीच लिहीत नाहीत. काल वरणाला फोडणी द्यायची विसरल्या. सासरे गुपचूप जेवले." हे म्हणाले, "छान आहे म्हणायला तुझं काय जात होतं?" खरंच काय जात होतं? मी दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. माफी मागावी तर जे बोलले ते खोटं होतं असा त्याचा अर्थ झाला असता, आणि ते खोटं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात सकाळी दहाच्या सुमाराला दारात रिक्षा थांबली. विहीणबाई उतरल्या आणि चपला काढायच्या आधीच म्हणाल्या, "साहेबाला ताप आणला."

"कसला ताप?"

"हिवताप. सहाव्या प्रकरणात आडवा केला. थरथर कापतोय, डोळ्यांपुढं आकडे दिसत नायत. आता पारा कोण वाचणार?"

"ठकू?"

"मग काय तुम्ही?"

आणि तिथंच, ओसरीच्या पायरीवर बसून त्यांनी मला नवं सहावं प्रकरण वाचून दाखवलं. ताप चढलेला साहेब झाडाखाली पडलेला. चकवा वाट फिरवतोय. जिकडं जावं तिकडं तोच पिंपळ, तोच दगड. ठकू यंत्र डोक्यावरून उतरवते आणि पहिल्यांदाच स्वतः त्याच्यात बघते. साहेब आकडे मोठ्यानं बोलायचा, ते ऐकून ऐकून तिला पाठ झालेले असतात. मग ती वाटेकडं बघायचंच सोडून देते. डोळ्यांना दिसणारी वाट चकव्याची आहे, पण पारा चकव्याचा मिंधा नाही. एका दिशेनं वीस पावलं जायचं, पारा बघायचा. हलला नाही, तर परत. दुसऱ्या दिशेनं वीस पावलं. जिकडं पारा केसभर उतरेल तिकडं खरा चढ. अशी ती वीस-वीस पावलांनी, साहेबाला हाताशी धरून, भुताच्या तावडीतून घाट चढून वर येते.

वाचून झालं तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. मी म्हणाले, "विहीणबाई, आत या, चहा टाकते." त्या म्हणाल्या, "आधी खरं सांगा." मी म्हणाले, "खरंच सांगते, आत या."

पुस्तक इथल्याच एका छापखान्यात छापलं. त्यातली पहिली प्रत विहीणबाईंनी ना मला दिली ना व्याह्यांना. ती त्यांनी कॉलेजात, आपल्या जुन्या विभागात नेऊन दिली. तिथले आताचे विभागप्रमुख एके काळी त्यांच्याच प्रयोगशाळेत शिकलेले. आठ-दहा दिवसांनी त्यांचा निरोप आला, जरा येऊन जा. विहीणबाईंनी मला बरोबर घेतलं. ज्या दारातून इतकी वर्षं चाव्यांचा जुडगा घेऊन शिरल्या, त्या दारात पाहुण्यासारख्या विचारून आत गेल्या.

सर अदबीनं उभे राहिले. पुस्तकात कागदाचे कपटे घालून ठेवलेले होते. "मावशी, दोन रात्रींत वाचून काढलं," ते म्हणाले. "न हलणारा पारा तर कमाल आहे. पण एक विचारू का? ठकू भर एप्रिलच्या उन्हात पारा वाचते. उन्हानं पारा फुगतो, नळीत वर चढून बसतो. त्याची दुरुस्ती कुठं केलीय?"

विहीणबाईंनी पुस्तक हातात घेतलं, ते पान उभ्याउभ्या वाचलं, ओठ हलवत बोटांवर काहीतरी मोजलं.

"दोन दशांश इंच जास्त दाखवंल," त्या म्हणाल्या.

"दीडच्या वर, दोनच्या आत."

"चुकलं माझं."

सरांनी एक स्टूल पुढं ओढलं. त्या बसल्या. मग पेन्सिल आली, कोरा कागद आला, आणि ती दोघं डोक्याला डोकं लावून ठकूचा पारा दुरुस्त करायला लागली. मधेच दारात मुलं आली, तेव्हा सर मान वर न करता म्हणाले, "थांबा जरा, आम्ही दोघं एक गणित बघतोय." विहीणबाईंची पेन्सिल क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली.

बाहेर आल्यावर आम्ही कडुलिंबाखालच्या बाकावर टेकलो. छापून झालेल्या पुस्तकातली चूक म्हणजे लेखकाच्या काळजात काटा, हे मला ठाऊक होतं. मी त्यांची समजूत घालायला गेले, "पुढच्या आवृत्तीत बदलता येईल हो."

"तसं नाय," त्या म्हणाल्या. "हितं दुसऱ्यांच्या चुका मी लई काढल्या, विहीणबाई. मनातल्या मनात. पोरांच्या, सरांच्या. माझी चूक आजवर कुणी काढली नव्हती. काढणार कशी? मी काय केलेलंच नव्हतं."

पुस्तक मांडीवर ठेवून त्याच पुढं म्हणाल्या, "बारावीचा निकाल लागला तवा बापानं विचारलं होतं, पुढं शिकती का म्हणून. घरात कुणी नको म्हणलं नव्हतं बरं का. मीच नाय म्हणले. वाटलं, आपल्याला काय झेपतंय."

"मग?"

"मग काय नाय. आज वाटलं, व्हय म्हणायला पायजे होतं."

एवढं बोलून त्या हसल्या, आणि पुस्तकाचं कव्हर पदरानं उगाच पुसत राहिल्या. दुपारचे तास सुटले होते. पाठीला दप्तरं लावलेल्या मुली घोळक्याघोळक्यानं बाहेर पडत होत्या, कशावरून तरी भांडत, हसत, सायकली काढत. फाटकाशी एका रिक्षावाल्यानं आमच्याकडं बघून हात केला. विहीणबाईंनी त्याला नको म्हणून खूण केली. मला घरी कामं होती, पण मीही उठले नाही. शेवटची मुलगी फाटकाबाहेर पडेपर्यंत आम्ही दोघी तिथंच बसून राहिलो.